दिसला न्हवं?

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. ठोसेघरच्या गॅलरीत रेलिंगला टेकून आम्ही वीस-पंचवीस माणसं उभी होतो आणि समोर काहीच नव्हतं. म्हणजे दरी होती, दरीपलीकडे कडा होता, कड्यावरून धबधबा पडत होता, हे सगळं होतंच. आवाज तर एवढा होता की शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागत होतं. पण दिसत होतं ते नुसतं पांढरं. धुक्याने दरी काठोकाठ भरली होती आणि आम्ही सगळे त्या पांढऱ्याकडे अशा निष्ठेने तोंड करून उभे होतो, की पडदा आता उघडेल, मग उघडेल. साताऱ्याचा बोगदा ओलांडून, सज्जनगड डावलून, अर्धा रस्ता वायपर चालू ठेवून आलेली माणसं. परत कोण जाणार? एका आजोबांनी पायऱ्यांवर घडी घालून वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर ते बसले. पोरं कंटाळून रेलिंगवरचं पाणी बोटाने निथळवत बसली. नवरा गुडघ्यांचं निमित्त सांगून गाडीतच थांबला होता, ते त्याने शहाणपणाचं केलं असं मला वाटायला लागलं होतं.

आणि तेवढ्यात माझ्या चष्म्यावर थेंब साचले. ओढणी ओली, रुमाल ओला, कुर्त्याचं टोक त्यातल्या त्यात कोरडं. चष्मा काढला, फुंकर मारली, पुसायला घेतला. त्याच क्षणी आजूबाजूच्या सगळ्यांच्या तोंडून एकदम 'आऽऽ' असा आवाज निघाला. गणपतीच्या मूर्तीवरचा रुमाल काढल्यावर निघतो ना, तसा. मी घाईघाईने चष्मा चढवला तर काचेवर वाफ. ती कुर्त्याने फासून पुन्हा पाहिलं तोवर पडदा पडला होता. आठ-दहा सेकंदांचा खेळ असेल. वर्तमानपत्रावरचे आजोबासुद्धा उठून उभे होते, म्हणजे त्यांनाही दिसला. शेजारी एक शेतकरी गृहस्थ होता, कराडकडचा असावा, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली. तो माझ्याकडे वळून आनंदाने म्हणाला, "दिसला न्हवं, ताई?"

"हो तर. दिसला की," मी म्हणाले.

हे मी का म्हणाले, याचा मला अजून उलगडा झालेला नाही. मी खोटं बोलत नाही असं मुळीच नाही. आहेराच्या साडीबद्दल, दुसऱ्याच्या घरच्या उपम्याबद्दल, 'निघालेच आहे' असं फोनवर सांगताना मी सर्रास बोलते. पण त्या खोट्यांना काहीतरी कारण असतं. इथे 'नाही हो, चष्मा पुसत होते' एवढं म्हटलं असतं तर तो हसला असता, मी हसले असते, संपलं असतं. तरी मला ते म्हणवलं नाही. एवढ्या सगळ्यांना जे मिळालं ते आपल्याला एकटीलाच मिळालं नाही, हे कबूल करायची लाज वाटली. पंगतीत एकट्याच्याच पानात जिलबी वाढायची राहून जावी आणि आपण 'नको, मला गोड चालत नाही' म्हणावं, तसं.

हे मला लागायचं आणखी एक कारण आहे. धबधबे हा माझा प्रांत समजला जातो. जून उजाडला की नात्यातली, ऑफिसातली माणसं मला विचारतात, शनिवारी कुठे जाऊ. मीही सांगते. लहान मूल बरोबर असेल तर आंबोलीला जा, धबधबा रस्त्यालाच आहे. गर्दी नको असेल तर जुलै सोडून द्या, सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात जा. पाण्याचा जोर थोडा उतरतो पण धुकं विरळ होतं, पाणी नितळ होतं, पठारांवर तेरडा आणि सोनकी आलेली असते. रविवारी लोणावळ्याचं नाव काढू नका. असं बरंच काही मी ऐटीत सांगते. त्या दिवशी परतताना मात्र मनात हिशेब सुरू झाला, की यातले आपण खरोखर पाहिलेत किती?

दूधसागरच घ्या. दूधसागर मी 'पाहिलाय' हे मी गेली कितीतरी वर्षं सांगते आहे. लहानपणी मिरजेला गाडी बदलून गोव्याला जात होतो. तेव्हा तो मार्ग मीटर गेज होता. कॅसलरॉक सुटलं की गाडी घाट उतरायला लागायची आणि एकामागून एक बोगदे. बोगद्यात शिरलं की डबाभर पोरांचा आरडाओरडा, बाहेर पडलं की हिरवं, पुन्हा काळोख. बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं की दूधसागर कोणत्या बाजूला येणार, आणि त्या बाजूची खिडकी आम्ही भावंडांनी भांडून मिळवली होती. गाडी पुलाशी आली. हा धबधबा तीनशे मीटरच्या वरून टप्प्याटप्प्याने येतो आणि रेल्वेच्या पुलाखालून पुढे निघून जातो, त्यामुळे आपण त्याच्यासमोर नसतो, जवळजवळ त्याच्यातच असतो. तुषारांचा एक भपकारा डब्यात शिरला आणि आईने क्षणाचाही विलंब न लावता खिडकीचं झडप खाली ओढलं. "डबा भिजेल!" डब्यात पुऱ्या होत्या. त्या झडपेला आडव्या फटी असायच्या. तर दूधसागर मी त्या फटींतून पाहिला, पट्ट्यापट्ट्यांचा. एक पट्टी पांढरी, एक लाकडाची, एक पांढरी, एक लाकडाची. ओल्या लाकडाचा आणि लोखंडाचा वास, आणि आईच्या मांडीवर शाबूत राहिलेल्या पुऱ्या. पुढे कॅलेंडरांवर, फोटोंत अखंड दूधसागर इतक्यांदा पाहिला की फटींमधल्या जागा आपोआप भरून निघाल्या. पण मी स्वतः पाहिलेला अजून पट्ट्यांचाच आहे.

नाणेघाटाचं तर वेगळंच. तिथे पाहायला जावं तर डोळे उघडे ठेवणं अवघड. जुन्नरच्या बाजूने पठारावरून चालत कड्याशी जायचं. जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण, सातवाहनांचे लेख कोरलेली गुहा, हे सगळं त्या खिंडीत आहेच, पण पावसाळ्यात माणसं तिथे येतात ती पाणी वर जाताना पाहायला. कोकणातून येणारा वारा त्या सरळसोट कड्यावर आपटतो, त्याला पुढे जायला वाट नसते, म्हणून तो वर चढतो. आणि वरून खाली उडी घ्यायला निघालेल्या ओहोळाला उचलून परत पठारावर फेकून देतो. ओहोळ बारीक असेल आणि वारा दांडगा असेल तरच हे जमतं. पाऊस फार झाला, पाण्याला वजन आलं, की वाऱ्याचं काही चालत नाही आणि धबधबा मुकाट्याने खाली पडायला लागतो. पाच-सहा वर्षांपूर्वी आम्ही गेलो तेव्हा वारा जिंकत होता. खालून वर येणारा पाऊस अंगावर घेताना छत्री कुठल्या दिशेला धरायची हेच कळेना. नवऱ्याची छत्री उलटली, मग मोडली, मग त्याने ती नुसतीच काठीसारखी धरली. मी पापण्या मिटून उभी राहिले आणि हनुवटीवर खालून थपडा बसत राहिल्या. तो धबधबा मला डोळ्यांपेक्षा हनुवटीला जास्त आठवतो.

मराठवाड्यातल्या धबधब्यांबद्दल कुणी मला विचारत नाही, याचं मला वाईट वाटतं. माहेर त्या बाजूचं म्हणून असेल. पाटोद्याजवळ सौताड्याला विंचरणा नदी सपाट रानातून गुपचूप येते आणि एकदम खोल दरीत पडते. तळाशी रामेश्वराचं देऊळ. वरच्या रानात उभं राहिलात तर पुढे दरी आहे याची शंकासुद्धा येत नाही, एवढी ती जमीन भोळी दिसते. वेरूळला एकोणतिसाव्या लेण्याशेजारी पाणी पडतं, तिला सीतेची न्हाणी म्हणतात. आणि अजिंठ्याला वाघूर. घोड्याच्या नालेसारख्या वळणात लेणी कोरलेली आहेत आणि त्या वळणाच्या आतल्या टोकाला वाघूर सात उड्या मारत खाली येते. श्रावणात गेले होते तेव्हा भिंतींवर काय पाहायचं याची मी मोठी यादी नेली होती. पण उन्हातून आत आल्यावर डोळ्यांना त्या काळोखाची सवय व्हायला वेळ लागतो. तोवर काहीच दिसत नाही, फक्त बाहेरचं पाणी ऐकू येतं. दगडात घुमून, मऊ होऊन. मनात आलं, चितारी इथे वर्षानुवर्षं बसले असतील तर पावसाळाभर त्यांच्या कानात हेच असणार. चित्रातला एखादा चेहरा हळूहळू उमटला तेव्हा तो मला ऐकत असल्यासारखा वाटला. हे माझ्या मनचं.

कासवरून भांबवलीला गेले तेव्हा मात्र धबधबा पुरता दिसला, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. तीन टप्प्यांत पडतो. उंची पाचशे साठ मीटर सांगतात. जंगलातून निसरडी वाट तुडवत गेल्यावर समोर तो एकदम उभा राहतो आणि मान वर, मग खाली, मग पुन्हा वर करावी लागते. बरोबर एक भूगोलाच्या निवृत्त बाई होत्या. आम्ही 'बापरे' म्हणत होतो तेव्हा त्या कातळाकडे बोट दाखवून टप्पे मोजत होत्या. हा सगळा सह्याद्री लाव्ह्याचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. एक थर ओतला गेला, थंडावला, मग पुन्हा दुसरा. प्रत्येक थरात काही भाग घट्ट, काही सच्छिद्र आणि ठिसूळ. दोन थरांमध्ये कुठे कुठे लाल मातकट पट्टा. पाणी ठिसूळ भाग आधी खातं, वरचा घट्ट कातळ छज्जासारखा पुढे राहतो आणि एक दिवस तोही तुटून खाली येतो. म्हणून आपल्याकडचे डोंगर पायऱ्यांचे दिसतात आणि धबधबे टप्प्यांचे. म्हणजे धबधबा एका जागी नसतोच, बाई म्हणाल्या, तो मागे मागे सरकत असतो. आपल्याला ते दिसत नाही एवढंच. हे ऐकून मला बरं वाटलं की वाईट, ते आठवत नाही. पण परतताना मी दोनदा मागे वळून पाहिलं, सरकलाय का म्हणून.

काही धबधबे दिसावेत की नाही हे तर माणूस ठरवतो. भंडारदऱ्याला प्रवरेवर रंधा आहे. धरण झालं १९२६ साली, तेव्हापासून वरून किती पाणी सोडलंय त्यावर रंध्याचा त्या दिवसाचा स्वभाव ठरतो. धरणाच्या पायथ्याशी तो छत्रीसारखा गोल पडणारा धबधबा आहे, तोही दार उघडलं तर. जोगचं तसंच. शरावतीवर १९६४ साली लिंगनमक्कीचं धरण आलं. आम्ही गेलो होतो मे महिन्यात, कारण शाळेला सुट्टी मेमध्येच असते. राजा, राणी, रोअरर, रॉकेट अशी चार नावं पाठ करून गेले होते. समोर अडीचशे मीटर उंचीची काळी भिंत आणि तिच्यावरून ओघळणाऱ्या दोन दोऱ्या. त्यातला राजा कुठला आणि राणी कुठली, यावरून आमच्यात वाद झाला. पण खरं सांगू का, ती कोरडी भिंत मला फार आवडली होती. पाणी असतं तेव्हा पाणीच दिसतं. त्या दिवशी वर्षानुवर्षांच्या माराने गुळगुळीत झालेला कातळ दिसला, शेवाळाचे वाळके डाग दिसले, मधल्या कपारींतून भरारणारी पाखरं दिसली. घरी आल्यावर मात्र सगळ्यांना 'हो, जोग पाहिला' एवढंच सांगितलं. म्हणजे खोट्याची सवय जुनीच म्हणायची.

चिपळूणजवळचा सवतसडा हमरस्त्यावरूनच दिसतो. एक सवत दुसरीला ढकलायला गेली आणि पदराला पदर बांधलेला असल्यामुळे दोघी गेल्या, अशी त्याची गोष्ट सांगतात. एसटीत पहिल्यांदा ऐकली तेव्हा सांगणाऱ्या बाई इतक्या तपशिलाने सांगत होत्या, की जणू मागच्या शिमग्याला घडलं. पदर कुणी बांधला होता, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "जिला कळलं होतं तिने."

आणि जे पाहायला नको होतं ते मात्र पूर्ण दिसलं. ३० जून २०२४, लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागचा धबधबा. एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली आणि ते कुणीतरी चित्रित केलेलं घराघरातल्या फोनवर फिरलं. पाण्याच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभी असलेली ती माणसं. मी ते पाहिलं. थांबवायला हवं होतं, थांबवलं नाही, शेवटपर्यंत पाहिलं. त्यानंतर कितीतरी दिवस वाहत्या नळाचा आवाज नको वाटायचा. आता मला कुणी धबधबा विचारला की आधी हे सांगते: ऊन पडलेलं असलं तरी वर डोंगरात पाऊस चालू असू शकतो. पाण्याचा रंग चहासारखा व्हायला लागला, काटक्या-पाचोळा वाहून यायला लागला, आवाज जड झाला, की फोटो अर्धवट सोडून बाहेर यायचं. कुंडात उतरायचं नाही, तळाचे दगड आणि भोवरे वरून कळत नाहीत. भिऱ्याजवळच्या देवकुंडाला पावसाळ्यात बंदी घालतात तेव्हा 'सरकारला काय कळतं' म्हणणारे मला नेहमी भेटतात. पावसाळ्यातलं पाणी काय असतं, ते धबधब्याखालच्या गावातल्या माणसाला विचारा. तो आंघोळीला तिथे जात नाही, यातच सगळं आलं.

तर ठोसेघर. पडदा पडला तो पडलाच. नंतर अर्धा तास मी तिथे उभी होते, आता चष्मा अजिबात न काढता. थेंबांमधून पाहत. दिसलं काही नाही, पण त्या अर्ध्या तासात त्या आवाजाचे वेगवेगळे धागे सुटायला लागले. सुरुवातीला तो एकच एक गडगडाट वाटला होता. मग लक्षात आलं की त्यात एक खालचा आवाज आहे, पोटात वाजणारा, तो थांबत नाही. त्याच्यावर एक फडफड आहे, ओलं धोतर झटकावं तशी, ती वाऱ्याबरोबर कमी-जास्त होते. बाजूला कुठेतरी एक लहान धार वेगळीच पडत होती, तिचा आवाज घरगुती होता, न्हाणीघरातल्यासारखा. आणि या सगळ्याच्या वर, धुक्यातून, कुणीतरी पोरगं शीळ घालत होतं. बेसूर नाही, सुरेलही नाही, काम नसलेल्या मुलाची असते तशी. एक ओळ सुरू करायची, अर्ध्यात सोडायची, दुसरीच धरायची. मी दोनदा मागे पाहिलं, कुठला मुलगा म्हणून. मग आठवलं, हा शीळकरी कस्तुर. पाण्याच्या कडेच्या कपारीत घरटं करणारा, काळानिळा. तोही दिसला नाही.

गाडीपाशी चहाच्या टपरीत मघाचा तो पिशवीवाला गृहस्थ भेटला. कुटुंब सगळं कणसं खात होतं. मला पाहून तो लगबगीने पुढे आला आणि म्हणाला, "ताई, तुमच्या मोबाईलात आलाय का वो धबधबा? आमच्यात नुस्तं पांढरं आलंय." त्याने दाखवलं. खरंच, पडदा गळून पडायच्या आधीचं की नंतरचं कोण जाणे, पण स्वच्छ पांढरं. खाली कोपऱ्यात रेलिंगचा तुकडा आणि माझी कोपरापर्यंतची बाही. चष्मा पुसतानाची असणार.

"मी फोटो काढलाच नाही हो," मी म्हणाले. या खेपेला अगदी खरं.

त्याच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दलचा आदर दिसायला लागला. "ब्येस केलंसा. डोळं भरून बघितलासा." मग जरा घुटमळून म्हणाला, "आई गाडीत बसलीया. पायऱ्या उतराया जमत न्हाई तिला. तिला जरा सांगता का, कसा हुता? मला तसलं सांगाया येत न्हाई."

नाही म्हणायची हीसुद्धा एक संधी होती. मी जीपकडे गेले. मागच्या सीटवर एक म्हातारी, नऊवारीवर मुलाचा स्वेटर, मांडीवर पिशवी. खिडकीची काच खाली होती. मी सुरू केलं. टप्पे तीन सांगितले, ते भांबवलीचे. रुंदी दूधसागरची दिली. वाऱ्याने तुषार वर उडत होते म्हटलं, ते नाणेघाटातून आणले. मागचा कातळ काळा, गुळगुळीत, जोगच्या मे महिन्यातला. पाखरंही घातली. बोलता बोलता मला ते खरंच समोर दिसायला लागलं, मी हातवारे करत होते, मुलगा मान डोलवत होता आणि त्याची बायको कणीस तसंच हातात धरून ऐकत होती. त्यांनी खरा पाहिला होता. पण कुणीही मला मध्ये थांबवलं नाही. शेवटी मी आवाजाचं सांगितलं. तो खालचा, पोटातला, मग फडफड, मग न्हाणीतली धार, मग शीळ. हे सांगताना हातवारे आपोआप थांबले.

म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. थोडा वेळ ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग पदराचं कोरडं टोक माझ्यापुढे धरलं.

"चष्मा पूस आधी, बाई," ती म्हणाली. "पार भिजलाय."